स्मरणाची नाणी पेटीत नको, आमच्या गल्ल्यात येऊ द्या

प्रति,
मा. सचिव, आर्थिक व्यवहार विभाग,
वित्त मंत्रालय, भारत सरकार, नवी दिल्ली

प्रत माहितीसाठी: मा. गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार.

गोव्यात फोंडा तालुक्यात देवळाच्या वाटेवर माझे पूजासाहित्याचे दुकान आहे. नारळ, खण, कापूर, उदबत्ती, अबोलीच्या फाती विकतो. आणि नाणी लागतात, सतत लागतात. ओटीत नाणे, विड्यावर नाणे, आरतीच्या ताटात नाणे. फोनवरून पैसे द्यायची सोय झाल्यापासून एक नवीच रीत पडली आहे. गिऱ्हाईक सामानाच्या किमतीपेक्षा पन्नास रुपये जादा पाठवते आणि त्या पन्नासाची नाणी मागून घेते. बाकी सगळा व्यवहार फोनवर गेला तरी देवापुढे ठेवायला हातात काहीतरी लागतेच. त्यामुळे शहरातल्या मोठ्या दुकानांतून नाणे जवळजवळ दिसेनासे झाले असले, तरी माझ्या गल्ल्याचे सगळे खण रोज भरतात आणि रोज रिकामे होतात.

आपल्याला लिहिण्याचे कारण म्हणजे यापुढे निघणारी स्मारक नाणी. 2011 च्या नाणे कायद्याप्रमाणे नाणी पाडण्याचा आणि त्यांचे रूप ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे. रिझर्व्ह बँक ती लोकांपर्यंत पोहोचवते. म्हणून पत्र आपल्या नावे आहे. माझी मागणी अशी: एखाद्या थोर व्यक्तीची, घटनेची किंवा राज्याची आठवण म्हणून नाणे काढायचे असेल तर ते रोजच्या चलनातल्या पाच, दहा किंवा वीस रुपयांच्या नाण्यावर काढा. आणि ते काढताना नाण्याचा आकार, जाडी, वजन आणि कड यांना हात लावू नका.

आपल्याकडे हे पूर्वी होत असे. 1964 मध्ये पंडित नेहरूंच्या स्मृतीसाठी पन्नास पैशांचे आणि रुपयाचे नाणे निघाले. गांधीजींच्या जन्मशताब्दीला वीस पैसे, पन्नास पैसे आणि रुपया निघाला. कमळाचे वीस पैसे आणि गांधीजींचे वीस पैसे दोन्ही पिवळी, दोन्ही एकाच खिशात. माझ्या पिढीला जास्त जवळची नाणी 1999 पासूनची. संत ज्ञानेश्वरांचा रुपया त्या वर्षीचा. छत्रपती शिवाजी महाराजांचे अकरा बाजूंचे दोन रुपयांचे नाणेही 1999 चेच. लोकमान्य टिळकांचे पाच रुपयांचे नाणे 2007 चे. ही नाणी कोणी विकत घेतली नव्हती. मीठ-मिरची घेताना, बसचे तिकीट काढताना ती हातात आली. ज्ञानेश्वरांचा रुपया गल्ल्यात आला की माझी आई तो उचलून देव्हाऱ्यात ठेवायची आणि तिच्याकडचा दुसरा रुपया गल्ल्यात टाकायची. दुकानाचा हिशेब तसाच राहायचा. आजही शिवाजी महाराजांचे दोन रुपये सुट्ट्या पैशांत मिळाले की मुले ते खर्च करत नाहीत. शाळेत कोणी सांगितले म्हणून नव्हे. ते त्यांना आपले आपण सापडलेले असते.

2009 पासून दहा रुपयांचे दोन धातूंचे नाणे आले आणि त्यावरही बरीच वर्षे ही परंपरा चालली. होमी भाभा, रिझर्व्ह बँकेची 75 वर्षे, संसदेची 60 वर्षे, गांधीजींचे दक्षिण आफ्रिकेतून परतणे, बाबासाहेबांची 125 वी जयंती. त्यानंतरच्या वर्षांत मात्र स्मारक नाणी बहुतेक सगळी चलनाबाहेरचीच निघू लागली. 2023 च्या मे महिन्यात नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाला पंच्याहत्तर रुपयांचे नाणे निघाले. 44 मिलिमीटर व्यासाचे, 35 ग्रॅम वजनाचे, निम्मी चांदी. सुंदर असेल, नक्कीच असेल. पण ते पेटीत घालून विकले जाते आणि दहा-वीस रुपयांच्या कैक पट किमतीला मिळते. शंभर, दीडशे, साडेतीनशे रुपये अशा मूल्यांची नाणी काढण्याचा अर्थच असा की ती कोणी कोणाला सुट्टे म्हणून देणार नाही. संग्राहकांवर माझा राग नाही, त्यांच्यामुळेच जुनी नाणी जपली गेली. त्यांच्यासाठी चांदीची नाणी अवश्य काढा. पण देशाने एखाद्या माणसाची आठवण ठेवली हे देशातल्या माणसांना कळायचे असेल तर तो माणूस बाजारात फिरला पाहिजे.

याला एक चांगला अपवाद आपल्याच विभागाने घडवला आहे. 6 जून 2022 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाची मालिका निघाली. एक, दोन, पाच, दहा, वीस, अशी पाचही नाणी. ती स्मारक म्हणून बाजूला न ठेवता चलनातच राहतील असे त्या वेळी स्पष्ट सांगितले गेले. ती आली, माझ्या गल्ल्यात पडली, आणि कोणाचीही अडचण झाली नाही. अडचण का झाली नाही ते जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते सगळा मुद्दा तिथे आहे.

आमच्याकडे डोळ्यांनी न दिसणारे एक आजोबा येतात. सोमवारी नारळ आणि कापूर घेतात, सुट्टे पैसे हातावर मोजून घेतात. त्यांची मोजणी मी नेहमी पाहतो. नाणे तळहातावर घेतले की ते प्रथम अंगठ्याचे नख कडेवरून फिरवतात. दाते आहेत का, कोपरे आहेत का, की गुळगुळीत आहे. मग दोन बोटांत धरून दाबतात, म्हणजे जाडी कळते. दोन धातूंचे असेल तर मधल्या जोडावर बोट थांबते. हे सगळे होईपर्यंत मी दुसऱ्या गिऱ्हाइकाचा खण गुंडाळत असतो. अकरा बाजूंचे जुने दोन रुपये त्यांना हात लागताच कळतात. पाच रुपयांचे जुने जाड नाणेही तसेच. वीस रुपयांचे बारा बाजूंचे नाणे निघाले तेव्हा त्यांनी ते बराच वेळ हातात फिरवले आणि म्हणाले, "हें बरें आसा." दहाचे आणि विसाचे नाणे दोन्ही 27 मिलिमीटरचे, म्हणजे रुंदीवरून ओळखणे शक्यच नाही. पण कोपऱ्यांमुळे त्यांचा घोळ होत नाही.

वाईट अनुभव आहे तो त्याआधीच्या नाण्यांचा. 1992 पासूनचा स्टीलचा रुपया 25 मिलिमीटरचा होता, वजन 4.85 ग्रॅम. 2011 मध्ये नवी मालिका आली, त्यात दोन रुपयांचे नाणे 25 मिलिमीटरचे आणि 4.85 ग्रॅमचेच निघाले. म्हणजे जुना रुपया आणि नवे दोन रुपये अंगाने सारखे, आणि दोन्ही एकाच वेळी बाजारात. मधल्या 2007 च्या मालिकेतला हाताच्या मुद्रेचा रुपयाही त्याच रुंदीचा. गल्ल्यात ही तिन्ही एका खणात पडली की संध्याकाळी चष्मा लावून वेगळी करावी लागतात. माझे डोळे शाबूत आहेत म्हणून मी ती वेगळी करू शकतो. त्या आजोबांना एक रुपयाच्या जागी दोन आणि दोनाच्या जागी एक किती वेळा मिळाला असेल, आणि किती जणांनी ते जाणूनबुजून केले असेल, हे मनात आले की मला वाईट वाटते. ज्ञानेश्वरांचा रुपयाही याच 25 मिलिमीटरच्या स्टीलमधला. ज्या नाण्यावर एवढे जवळचे चित्र आहे तेच नाणे हाताने ओळखता येत नाही, असे पुन्हा होता कामा नये. 2009 मध्ये लुई ब्रेल यांच्या जन्माच्या द्विशताब्दीला आपण दोन रुपयांचे नाणे काढले होते. ज्यांनी स्पर्शाने वाचायला शिकवले त्यांची आठवण आपण ठेवली. तीच काळजी पुढच्या प्रत्येक स्मारक नाण्यात दिसावी.

2019 मध्ये अंध व्यक्तींना ओळखता येतील अशी नाणी म्हणून नवी मालिका आणली गेली, राष्ट्रीय डिझाइन संस्थेने तिची रचना केली. हे काम उत्तम झाले आहे आणि ते सांगायला मला आनंद वाटतो. अमृतमहोत्सवाची नाणी याच मालिकेच्या अंगाने पाडली गेली. चित्र नवे, शरीर तेच. म्हणून आजोबांना ती आल्याचे कळलेसुद्धा नाही. मीच एकदा सांगितले की यावर स्वातंत्र्याच्या 75 वर्षांची खूण आहे, तेव्हा त्यांनी ते नाणे खिशात वेगळे ठेवले.

नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेने 2020 मध्ये मोबाइलवर एक ॲप दिले आहे. नाण्याचे तसे नाही. नाणे ओळखायला बोटेच आहेत, म्हणून नाण्याची कड ही लिपी आहे असे समजून तिला जपायला हवे.

युरोपात युरोच्या नाण्याची एक बाजू सगळ्या देशांत सारखी असते आणि दुसरी प्रत्येक देशाची आपली. 2004 पासून दोन युरोच्या नाण्यावर स्मारक चित्रे येतात. पहिले ग्रीसचे होते, अथेन्सच्या ऑलिंपिकचे. बदलते ती फक्त देशाची बाजू. किंमत सांगणारी बाजू, रुंदी, धातू, सगळे जिथल्या तिथे राहते. कोणत्याही देशातल्या दुकानदाराला ते नाणे परत करावे लागत नाही.

अमेरिकेचे उदाहरण आज जास्त ताजे आहे. त्यांच्या स्वातंत्र्याला 2026 मध्ये 250 वर्षे होतात आणि त्या वर्षासाठी चलनातल्या नाण्यांची चित्रे बदलली जात आहेत. त्यांचा पाव डॉलर, ज्याला ते क्वार्टर म्हणतात, त्या एका वर्षात पाच वेगवेगळ्या चित्रांनी निघतो. यासाठीचा कायदा 2021 च्या जानेवारीत मंजूर झाला होता. 2022 ते 2025 थोर स्त्रियांची नाणी, 2026 मध्ये 250 वर्षांची नाणी, त्यापुढे 2030 पर्यंत मुलांच्या खेळांची, असा सगळा क्रम त्या कायद्यात आधीच लिहिलेला आहे. पाच वर्षे हातात ठेवून ठरवले. 1976 मध्ये 200 वर्षे झाली तेव्हाही त्यांनी असेच केले होते. क्वार्टरच्या एका बाजूला ढोल वाजवणारा सैनिक आणि दुसऱ्या बाजूला 1776–1976 अशी दोन साले. ते चित्र खुल्या स्पर्धेतून निवडले गेले. त्यांची चित्रे आज एका नागरिक सल्लागार समितीपुढे आणि एका कला आयोगापुढे जातात, त्यावर उघड चर्चा होते, मग निर्णय होतो.

आपल्याकडे राजपत्रात अधिसूचना निघते तेव्हा चित्र ठरून गेलेले असते. मला वाटते, याच कारणाने आपल्या नाण्यांवर वारंवार बोधचिन्हे येतात. बोधचिन्ह फलकावर शोभते. 27 मिलिमीटरच्या धातूवर ते बारीक रेषांचा गुंता होते आणि वर्ष-दोन वर्षांत झिजून जाते. शिवाजी महाराजांच्या नाण्यावरचा चेहरा अजून ओळखू येतो, कारण उठाव स्पष्ट आहे. नाण्याचे चित्र ज्यांना कागदावरच्या चित्रापेक्षा वेगळे करता येते अशी माणसे आपल्या टांकसाळींत आहेत. मुंबई, कोलकाता, हैदराबाद, नोएडा, चारही ठिकाणी. त्यांना वेळ द्या आणि लोकांकडून कल्पना मागवा.

आता दहा रुपयांच्या नाण्याचे. हे लिहिताना मला जरा त्रास होतो, कारण त्यावरून दुकानात भांडणे झालेली आहेत. "हें चलना, दुसरें दी," असे सांगून गिऱ्हाइकांनी दहाचे नाणे माझ्या हातात परत ठेवले आहे. कोणी म्हणायचे रुपयाचे चिन्ह नसलेले खोटे, कोणी म्हणायचे दहा रेषांचे खरे आणि पंधरा रेषांचे खोटे. घाऊक व्यापारीही घेत नसत. एका बँकेच्या शाखेत भरायला नेले तर काउंटरवरच्या माणसाने नोटा घेऊन या म्हणून सांगितले. रिझर्व्ह बँकेने 2016 च्या नोव्हेंबरमध्ये खुलासा केला, पुन्हा 17 जानेवारी 2018 रोजी सांगितले की दहा रुपयांच्या नाण्याची 14 रूपे निघाली असून सगळी वैध आहेत. 14440 हा टोल फ्री क्रमांकही दिला. तो खुलासा मी छापून भिंतीला लावला होता. लोक वाचत आणि तरीही म्हणत, बरोबर असेल, पण पुढचा घेणार नाही ना.

लोकांना दोष देणार नाही. एकाच मूल्याची 14 रूपे बाजारात आली आणि ती येताना आमच्यापर्यंत काही पोहोचले नाही. ज्याला माहीत नाही तो संशय घेणारच. म्हणून स्मारक चित्रे काढाल तेव्हा ती येण्याआधी सांगा, आणि आमच्या भाषेत सांगा. गोव्यात मराठीतून आणि कोकणीतून. मराठी दैनिकांत नाण्याच्या दोन्ही बाजूंचे मोठे चित्र छापून आले, बँकेच्या दारावर, बसस्थानकावर, फेरीबोटीच्या धक्क्यावर तोच कागद लागला, तर अफवेला जागा राहत नाही. दुकानदाराच्या हातात एक छापील पत्रक असले तरी पुरे. मूल्याची बाजू कायम राहिली तर निम्मे काम तिथेच होते: दहाचा आकडा आणि रुपयाचे चिन्ह नेहमीच्या जागी दिसले की मागे कोणाचेही चित्र असो, नाणे दहाचे.

याच पत्रात एक मोठी मागणीही करतो. राज्यांची मालिका काढा.

अमेरिकेने 1999 ते 2008 या दहा वर्षांत आपल्या पन्नास राज्यांसाठी पन्नास क्वार्टर काढले. दरवर्षी पाच, आणि ज्या क्रमाने राज्ये त्यांच्या संघात आली त्याच क्रमाने. आपली आज 28 राज्ये आणि 8 केंद्रशासित प्रदेश आहेत. दरवर्षी चार नाणी काढली तर नऊ वर्षांत सगळा देश एका मालिकेत येतो. 2047 मध्ये स्वातंत्र्याची शताब्दी आहे, त्याआधी हे काम आरामात पूर्ण होईल. मेघालयाचे नाणे फोंड्यात खर्च व्हावे आणि आमचे नाणे मेघालयात, याहून चांगली एकात्मता मला सुचत नाही. राष्ट्रीय एकात्मतेचे दोन रुपयांचे नाणे आपण वर्षानुवर्षे पाडलेच होते, त्यावर भारताचा नकाशा होता. आता त्या नकाशातल्या एकेका भागाची पाळी येऊ द्या.

गोव्याला नाण्यांचे नवल नाही. कदंब राजांची सोन्याची नाणी इथे चालत. त्यांवर एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला नागरी अक्षरांत सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचा उल्लेख. तो सप्तकोटीश्वर मूळचा दिवाडी बेटावरचा. पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर डिचोलीत नार्व्याला आला आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. ज्या देवाचे नाव राजाने आपल्या नाण्यावर घातले त्याच देवाचे देऊळ दुसऱ्या राजाने उभे केले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. 1510 मध्ये आफोंसो द आल्बुकेर्कने गोवा घेतला आणि लगोलग टांकसाळ सुरू केली. पणजीत मुख्य टपाल कार्यालयाजवळ ज्या जुन्या इमारतीला आजही लोक टांकसाळ म्हणून ओळखतात, तिथे एकोणिसाव्या शतकात काही वर्षे नाणी पडत. पुढे 1878 च्या ब्रिटिश-पोर्तुगीज करारानंतर गोव्याचा रुपया कलकत्त्याच्या टांकसाळीत पडू लागला: एका बाजूला पोर्तुगालचा राजा, वजन-धातू ब्रिटिश रुपयाचा. 1958 मध्ये रुपया जाऊन पोर्तुगीज चलन एस्कुद आला. एक रुपया म्हणजे सहा एस्कुद, म्हणून नाणीही तीन आणि सहा एस्कुदांची काढली, तीस आणि साठ सेंताव्हांची (सेंताव्ह म्हणजे एस्कुदाचा शंभरावा भाग) काढली. म्हणजे सरकारने नाव बदलले तरी नाणी रुपयाच्या आणि अर्ध्या रुपयाच्या हिशेबानेच पाडावी लागली. माझ्या वडिलांच्या पिढीने तीन-चार वर्षांतच दुसऱ्यांदा चलन बदललेले पाहिले, कारण 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला आणि भारताचा रुपया आला.

त्या रुपयावर, दोनावर, पाचावर, दहावर गोव्याचे चित्र असलेले नाणे माझ्या गल्ल्यात अजून आलेले नाही.

19 डिसेंबर 2036 रोजी गोवा मुक्तीला 75 वर्षे होतील. त्यानंतर पाच-सहा महिन्यांत, 30 मे 2037 रोजी, गोवा राज्य होऊन 50 वर्षे होतील. दोन्ही प्रसंग एका हिवाळ्या-उन्हाळ्यात येत आहेत. अमेरिकेने पाच वर्षे आधी कायदा केला. आपल्याला त्याहून जास्त वेळ आहे. निदान या दोन तारखांसाठी गोव्याचे एक चालते नाणे आजच कामाला लावावे.

चित्र कोणते असावे यावर गोव्यात वाद होईल, हे मी इथला असल्यामुळे जाणतो. देऊळ घातले तर चर्च का नाही, चर्च घातले तर देऊळ का नाही. समुद्रकिनारा घातला तर आम्ही पर्यटकांसाठीच आहोत का असे कोणी विचारेल, आणि ते बरोबरच विचारेल. कदंबांचा सिंह मला स्वतःला फार आवडेल. कदंब महामंडळाच्या बसमुळे कदंबांचे नाव मुलांच्याही तोंडी आहे. तरी माझे मत आणखी एका चित्राला आहे आणि ते मी इथे मांडतो, कारण सुचवायला कोणी विचारलेच तर तयार असावे.

आमच्याच तालुक्यात बोरी-दुर्भाटच्या बाजूला खाजन शेती आहे. नदीचे खारे पाणी बांध घालून अडवायचे आणि आत भात पिकवायचे, कोरगूट जातीचे, जे खारेपणा सोसते. बांधाला एक मानस असते, म्हणजे पाण्याचे दार. भरतीचे पाणी चढले की त्याच्या जोराने लाकडी फळ्या आपोआप मिटतात आणि खारे पाणी आत शिरत नाही. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने त्याच फळ्या उघडतात आणि शेतातले जादा पाणी बाहेर जाते. शतकानुशतके गावकरीने, म्हणजे गावाने एकत्र येऊन, हे सांभाळले आहे. बांध फुटला तर सगळ्या वाड्यांचे शेत जाते, हिंदूचे आणि ख्रिस्ती माणसाचे सारखेच, म्हणून तो सगळे मिळून बांधतात. मानशीचे दार चित्रात अगदी सोपे आहे: दोन उभे खांब, मधे दोन फळ्या, खाली पाण्याच्या तीन-चार रेषा. धातूवर ठसठशीत उठेल. 2019 च्या मालिकेत धान्याचे चित्र आहेच, त्याला लागून हे शोभेलही. बोटाने चाचपले तरी त्या फळ्या कळाव्यात असा उठाव ठेवता येईल. अंतिम निवड लोकांनी करावी; माझे दार मागे पडले आणि सिंह आला तरी मी तो गिऱ्हाइकांना अभिमानाने दाखवीन.

शाळांतून चित्रे मागवा. गोव्यातल्या मराठी, कोकणी, सगळ्याच माध्यमांच्या शाळांत चित्रकलेचे शिक्षक आहेत, मुले उत्तम चित्रे काढतात. निवडलेल्या चार-पाच चित्रांचे मोठे नमुने करून ते अंध व्यक्तींच्या हातात द्या आणि त्यांचे म्हणणे लिहून घ्या. हे काम दिल्लीत बसून होणार नाही, त्यासाठी माणसे इथे पाठवावी लागतील.

शेवटी दुकानदाराचा एक छोटा व्यावहारिक मुद्दा. 30 जून 2011 पासून चार आणे बंद झाले आणि सव्वा रुपयाची दक्षिणा गेली. तिची जागा अकरा, एकवीस, एकावन्न, एकशे एक यांनी घेतली. या सगळ्या आकड्यांतला शेवटचा एक रुपया नाण्याचाच लागतो. म्हणजे देशातल्या प्रत्येक लग्नात, बारशात, सत्यनारायणात रुपयाचे नाणे बदलत राहते. बँकांतून सुट्टी नाणी मिळवताना मात्र आम्हा छोट्या दुकानदारांना खेटे घालावे लागतात. स्मारक नाणी चलनात आणायची ठरवाल तेव्हा ती मोठ्या शहरांतच अडकून पडणार नाहीत, तालुक्याच्या ठिकाणच्या शाखांतही पोत्यांनी येतील, याची तजवीज रिझर्व्ह बँकेकडून करून घ्यावी. नाहीतर लोक ती साठवतील, चार पट भावाने विकतील, आणि आम्ही पुन्हा पेटीतल्या नाण्यापाशी येऊ. भरपूर पाडा. जे मुबलक आहे त्याचा काळाबाजार होत नाही.

नमुन्याची नाणी लोकांना दाखवण्यासाठी आणि त्यांचे मत घेण्यासाठी गोव्यात जागा हवी असेल तर माझे दुकान सोमवार आणि शुक्रवार, गर्दीच्या दिवशी, उपलब्ध आहे. एक टेबल आणि नोंदवही मी माझ्याकडून ठेवीन. आपल्या विभागाचे लेखी उत्तर मराठीत, कोकणीत, हिंदीत किंवा इंग्रजीत, कसेही आले तरी चालेल. ते मी दुकानाच्या भिंतीवर, दहा रुपयांच्या खुलाशाशेजारी लावीन.

कळावे,

आपला नम्र,
पूजासाहित्य विक्रेता,
फोंडा तालुका, गोवा